सोमवारचा काटा

पट्टाया, ९ जून

तोय,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. घाबरू नकोस, परत ये म्हणायला लिहीत नाहीये. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून या वयात पोस्टाच्या रांगेत उभं राहावं लागलं. मला एकच विचारायचंय. तुझ्या बारमधल्या मुलींच्या नाचाच्या कपड्यांना खिसे आहेत, हे खरं का?

जामनियान मावशी परवा मापं घ्यायला आली होती. आपल्या गल्लीतल्या सगळ्या बारचे कपडे अजून तीच शिवते. आता तिची कीर्ती चियांग मायपर्यंत पोचली म्हणे. दुपारचा भात खाता खाता सांगत होती, "तोयनं बारा पोरींचे कपडे शिवून घेतले, आणि प्रत्येकीला खिसा. मी म्हटलं, अगं बये, कापड एवढंसं, त्याला खिसा लावू कुठं? तर म्हणते, ते तुम्ही बघा, मला खिसा पाहिजे." नाचणाऱ्या बाईला खिसा! दोन दिवस झाले, तो माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्यात त्या ठेवतात तरी काय?

मावशीनं आणखीही सांगितलं. बसायच्या खुर्च्यांना पाठ आहे म्हणे. नको त्या गिऱ्हाइकाला मुलगी सरळ नाही म्हणते आणि कुणी तिला जाब विचारत नाही. दंड तर कसलाच नाही. हे मात्र मी तिच्या तोंडावर खोटं म्हटलं. तुला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली बावीस मामासान म्हणून. मुलींची हजेरी मी घेते, उशिराचा दंड मी लावते, कोणी कुठल्या टेबलावर बसायचं ते मी ठरवते. दंड काढला तर वेळेवर येणार कोण? सोंगक्रानच्या सणाला गावी न जाता थांबणार कोण? तूही कधीकाळी दर आठवड्याला उशिरा यायचीस, म्हणून विचारतेय.

मला भांडायचं नाहीये. मला फक्त कळायला हवंय की ते चालतं कसं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पत्ता पाठीमागे लिहिलाय.

लामदुआन


पट्टाया, २ जुलै

तोय,

तुझं पाकीट मिळालं. आत एकच कागद, तोही झेरॉक्स, वर ना माझं नाव ना खाली तुझी सही. तरी बरं, पाठवलास. सतरा नियम आहेत. मी तीनदा वाचले, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

दुसरा नियम वाचून हसले. "उशीर होणार असेल तर सांगावं." बस, एवढंच? आणि सांगितलं नाही तर? खाली बघितलं, मागं बघितलं, पुढे काहीच नाही. पाचव्यात कळलं की खिशात बाईचा स्वतःचा फोन आणि दाराची किल्ली असते, म्हणजे मनात येईल तेव्हा तिला निघता येतं. आमच्याकडे आल्याबरोबर फोन माझ्या ड्रॉवरमध्ये जमा होतात. मी ते शिस्त म्हणून करते. तुझा कागद वाचल्यावर ड्रॉवर उघडून बघितला, सोळा फोन एकावर एक पडलेले, एक सारखा थरथरत होता. तो मुकचा होता. तिची आई आजारी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

अकरावा नियम मला पटला नाही. पगाराच्या दिवशी सगळ्यांनी बसून कामाची वाटणी ठरवायची म्हणे. बारा बायका एका टेबलाशी बसल्या की कसलं काय ठरतं? आमच्या इथं पंखा कुठल्या बाजूला फिरवायचा यावरून दोघींनी महिनाभर तोंड बघितलं नव्हतं एकमेकींचं.

नवव्या नियमाबद्दल मी काही लिहीत नाही.

आता खरं सांगते. नुसती उत्सुकता म्हणून मी लिहिलं नव्हतं. मे महिन्यापासून तीन जणी सोडून गेल्या, न सांगता, न भांडता. सोळा उरल्या. वीराशेठ आता चौऱ्याहत्तरचे आहेत, गुडघे गेलेत. परवा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "लामदुआन, वस्साचा पावसाळा संपेपर्यंत बघतो. भिक्षू मठाबाहेर पडले की मी पण या धंद्यातून बाहेर पडणार. औषधाच्या दुकानवाला मागतोय ही जागा."

मी म्हटलं, "आणि मी कुठं जाऊ, शेठ?"

"तू? तुला सगळे ओळखतात. तू कुठंही जाशील."

त्रेपन्नाव्या वर्षी मामासान कुठंही जात नसते, हे त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या बारला माझी गरज नाही, आणि गावी माझं कुणी उरलं नाही. म्हणून तुझा कागद मी आरशाच्या मागे चिकटवलाय. यातलं काय उचलू आणि कुठून सुरू करू, ते सांग.

लामदुआन


पट्टाया, २४ जुलै

तोय,

तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मी माझ्या डोक्यानं सुरुवात केली आणि माती खाल्ली. कशी, ते ऐक.

तुझ्या सहाव्या नियमात आहे, "कुणालाही नंबर नसेल." मला ते एकदम पटलं. आपले ते गोल बिल्ले आठवतात ना? तुझा बावीस होता. वाटलं, बाईला नंबरानं हाक मारायची म्हणजे काय, हे बघ किती सोपं आहे सुधारायला. कुणाला काही न सांगता सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढल्या, छापखान्यात गेले, आणि नवे बिल्ले करून आणले. सोनेरी कड, वर पूर्ण नाव, आडनावासकट. शुक्रवारी दुपारी सगळ्यांना ओळीनं उभं करून माझ्या हातानं लावले. मला वाटलं, रडतील आनंदानं.

खिंगनं फक्त बिल्ल्याकडे बघितलं. खिंग म्हणजे आपल्यातली सगळ्यात जुनी, चव्वेचाळीसची, तुझ्या शेजारी उभी राहायची ती. तिची जीभ तर तुला ठाऊकच आहे, आणि ती गप्प आहे म्हटल्यावर मला तिथंच कळायला हवं होतं. पण मी इतकी खूश होते की मीच सगळ्यांचा फोटो काढला.

फोटो एका गिऱ्हाइकानंही काढला. त्यानं तो कुठं टाकला, कुणी बघितला, देव जाणे. पाच दिवसांत तो सुरीनला मुकच्या गावात पोचला. मुकनं घरी सांगितलेलं, हॉटेलच्या धुलाईखान्यात आहे. चेहरा रंगवलेला, केस पिवळे, सख्ख्या मामानंही ओळखली नसती. पण छातीवर वडलांचं आडनाव सोनेरी अक्षरांत.

मुक चोवीस वर्षांची आहे, लहान नाही. पण तिच्या आईचा फोन आला तेव्हा ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि उठेचना. मग पिशवी भरून गेली. जाताना बिल्ला माझ्या हातात ठेवला, रागावली वगैरे काही नाही. हात जोडून नमस्कार केला. ते मला जास्त लागलं.

खिंग नंतर बोलली. "ताई, मुकच्या सतरा नंबरला गाव नव्हतं. सतरा नंबरला बाप नव्हता. आम्ही तो बिल्ला काढून घरी जायचो आणि तो इथंच राहायचा. तुम्ही आमचं घरच उचलून इथं आणलंत."

"मी चांगल्यासाठी केलं गं."

"तेच तर. तुम्ही वाईटासाठी करता तेव्हा आम्हाला सावध तरी राहता येतं."

बिल्ले सगळे परत गोळा केलेत. तुझ्या कागदात नंबर काढा लिहिलंय, त्याच्या जागी काय लावायचं ते नाही लिहिलेलं. तुम्ही काय लावता?

लामदुआन


पट्टाया, १२ ऑगस्ट

तोय,

तुझं कार्ड आलं. पुढे चियांग मायच्या डोंगराचं चित्र, मागे एकच ओळ: "त्यांना विचारलंत का?"

नाही विचारलं. बावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. कार्ड हातात घेऊन मी आठवत बसले, की मी या मुलींना शेवटचा प्रश्न काय विचारला असेन. "कुठं होतीस?" आणि "किती प्यालीस?" याच्यापुढे गाडी जात नाही.

आज आईचा दिवस. सकाळपासून सगळ्या फोनवर आपापल्या आयांशी बोलतायत. ड्रॉवरला आता कुलूप नाही. दाराशी मोगऱ्याच्या माळा विकणारी बसलीये. मला कुणाला फोन करायचा नाही, आणि कुणी मला करणार नाही. म्हणून नवव्या नियमाबद्दल आज लिहिते.

"वजन केलं जाणार नाही." चारच शब्द, पण मला पुरेसे होते.

चार वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी, दर आठवड्याच्या वजनाला, तू काट्यावर चढलीस तेव्हा काटा दोन किलो पुढे गेला. मी मोठ्यानं वाचला, नेहमीसारखा. वर म्हटलं, "बावीस नंबरला चिकट भात फार गोड लागतोय." सगळ्या हसल्या. जाडीचा दंड लिहिला आणि पुढचीला बोलावलं. तू त्याच संध्याकाळी गेलीस. नंतर मी सगळ्यांना सांगत राहिले, की तोय तापट, एवढ्याशा चेष्टेवरून निघून गेली. वर्षभर सांगत राहिले, म्हणजे मलाही ते खरं वाटायला लागावं.

मला कळलं होतं, तोय. काटा पुढे गेला होता, पण तुझं मनगट बारीक झालं होतं. घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. खाऊन जाड झालेल्या बाईचं मनगट बारीक होत नाही. पोटुशी आहेस, हे मला तू चढायच्या आधीच कळलं होतं. पाटीवर नियम होता, गरोदर असेल तिनं त्याच दिवशी काम सोडायचं. पुष्कळ दिवस मी स्वतःची अशी समजूत घातली, की जाडीचा दंड लावून मी तुला झाकलं, महिनाभर सवड मिळवून दिली. कधी कधी ते मला फार हुशारीचंही वाटायचं.

खोटं आहे ते. झाकायचंच असतं तर मी आकडा मोठ्यानं वाचला नसता. शेठ त्या दिवशी काउंटरवर बसले होते, आणि मला त्यांना दाखवायचं होतं की माझ्या नजरेतून काही सुटत नाही. मला माझ्या जागेची भीती होती. बाकी काही नव्हतं.

जामनियान मावशीनं जूनमध्ये खिशांबरोबर आणखी एक सांगितलं होतं. दुपारी तुझ्या बारच्या टेबलावर तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी रंगाच्या कांड्या घेऊन बसते आणि दार उघडायच्या आत शेजारची बाई तिला घेऊन जाते. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. खिशांबद्दल विचारत राहिले, कारण तिच्याबद्दल विचारायचा मला काय हक्क? मावशीला मात्र मी तीनदा विचारलं. नाव तिला माहीत नव्हतं.

क्षमा माग म्हणून तू म्हणाली नाहीस. तरी मागते. काटा मी आज नाचाच्या चौथऱ्यामागून काढला. काय करायचं त्याचं, ते मी खिंगला विचारलं. होय, विचारलं. ती म्हणाली, "स्वयंपाकघरात न्या. पपईवाली आपल्याला वजनात मारते असा मला संशय आहे."

लामदुआन


पट्टाया, ८ सप्टेंबर

तोय,

या वेळी उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आलंही नाही. तरी मी लिहितेय, कारण इथं रोज असं काही घडतंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ते समजेल अशी तू एकटीच आहेस.

दर बुधवारी दुपारी चारला आम्ही चौथऱ्यावर गोल बसतो. पहिल्या बुधवारी मी म्हटलं, "बोला, काय हवंय?" सोळा बायका, चूळ भरल्यासारख्या गप्प. अर्ध्या तासानं कुणीतरी म्हणालं, "संडासची कडी." एवढ्यावरच सभा संपली. मी वैतागले. पण कडी बसवली. दुसऱ्या बुधवारी तीन गोष्टी निघाल्या, तिसऱ्या बुधवारी अकरा. आता त्यांची तोंडं बंद करताना नाकी नऊ येतात.

किती गोष्टी मला माहीतच नव्हत्या! चौथऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात फरशी सैल आहे आणि सहा वर्षांत चार जणींचा पाय तिथं मुरगळलाय. मला वाटायचं, नखरे करतात. चार नंबरच्या टेबलावर उजेड पोचत नाही, म्हणून वाईट खोडीची गिऱ्हाइकं नेमकी तिथंच बसतात, आणि त्या टेबलावर नव्या मुलीला बसवायची पद्धत मी पाडली होती. मी हे ऐकत होते आणि माझे कान गरम होत होते. खिंग म्हणाली, "ताई, पाणी प्या." मी प्याले. मग दुसऱ्या दिवशी तिथं दिवा लावला, पांढरा, लख्ख. त्या टेबलावर आता कुणी बसत नाही, आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही.

बिल्ल्यांचं त्यांनी सोपं करून टाकलं. जिला हवं तिनं हवं ते नाव लावायचं, रोज बदललं तरी चालेल. काल एकीनं "उद्या या" असंच लावलं होतं.

मुक परत आली. मी बोलावलं नव्हतं, खिंगनं बोलावलं. आईनं आठ दिवस बोलणं बंद ठेवलं आणि नवव्या दिवशी विचारलं, तिथं पोटभर जेवतेस ना? एवढंच सांगितलं तिनं. मी जास्त खोदलं नाही.

आता मोठी बातमी. औषधवाल्यानं शेठना सांगितलं, की दारासमोरचं भूदेवतेचं घर मागच्या अंगणात हलवायचं, पाटीच्या आड येतं. शेठ हादरले. चाळीस वर्षं रोज लाल सरबताची बाटली ठेवलीये त्यांनी तिथं. त्या दिवशी खिंग सगळ्या जणींना घेऊन त्यांच्या घरी गेली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "शेठ, देव हलवायचा नसेल तर जागा आम्हाला द्या. भाडेपट्टा सगळ्यांच्या नावानं करा. सरबत आम्ही ठेवू."

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तू शिकवलंस?"

मी म्हटलं, "नाही हो, मी मागून चालत आले."

ते तयार आहेत. वस्सा संपेल त्या दिवशी सह्या. फक्त कुणाकुणाची नावं घालायची ते लिहून आणा म्हणाले. सोळा नावं नक्की आहेत. सतरावं माझं असेल का, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायला हवं हे कळतं. पण "नाही" म्हणाल्या तर मी काय करणार, याच्यापुढे माझं डोकंच चालत नाही.

लामदुआन


पट्टाया, ११ ऑक्टोबर

तोय,

काल सकाळी तुझं दुसरं कार्ड आलं. "विचारा. आणि त्या ठरवतील तेव्हा तुम्ही खोलीत बसू नका." म्हणजे सप्टेंबरचं पत्र तू वाचलंस. म्हणजे ऑगस्टचंही वाचलंस. मी ते कार्ड दोनदा पालथं केलं, आणखी काही लिहिलंय का बघायला. नव्हतं.

मी विचारलं. चौथऱ्यावर उभी राहून. वाटलं होतं, बावीस वर्षांचं सगळं सांगेन, पण तोंडातून एवढंच आलं, "माझं नाव घालायचं का, ते तुम्ही ठरवा. मी बाहेर बसते." आणि भूदेवतेच्या घराशेजारच्या पायरीवर येऊन बसले. पंचेचाळीस मिनिटं. आतून आवाज येत होते, कधी वर चढलेले, एकदा कुणीतरी हसलेलं, एकदा कुणीतरी रडलेलं. कान देऊन ऐकायची मला एवढी सवय, पण उठून पलीकडच्या नूडलवालीकडे जाऊन बसले. काट्यावर चढून वाट बघायची म्हणजे काय, ते मला त्या पंचेचाळीस मिनिटांत कळलं.

खिंग बोलवायला आली. "नऊ हात वर, सात खाली," म्हणाली. "आलात तुम्ही. पण मामासान म्हणून नाही. ते पदच काढलं आम्ही. तुम्ही आमच्यासारख्या एक. तीन महिने बघू, नव्या बाईला बघतो तसं."

आनंद झाला. आणि सात जणींचं वाईटही वाटलं, फार वाटलं.

मुक माझ्याजवळ आली. "ताई, मी हात वर केला नाही. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून सांगते."

"बिल्ल्यामुळं?"

"नाही हो. बिल्ला तुम्ही चुकून केलात. माझी आई आजारी होती, फोन दहा दिवस ड्रॉवरमध्ये वाजत होता, आणि तो ड्रॉवर तुमच्या पायाशी होता."

मी म्हटलं, होय, होता. ती म्हणाली, "तीन महिन्यांनी परत विचारतील, तेव्हा बघू," आणि नाचाचे कपडे बदलायला गेली.

मग खिंगनं वही काढली आणि सगळ्यांचे सुट्टीचे वार लिहून घ्यायला लागली. एकेकीचा वार लिहून झाला आणि माझ्याकडे वळली. "ताई, तुमचा?"

"मला कशाला सुट्टी?"

"नियम सगळ्यांना. वार सांगा."

एकतीस वर्षांत मी सुट्टी घेतलेली नाही. ताप आला तरी काउंटरमागे बसून होते, दुसऱ्यांच्या गैरहजेऱ्या मांडत. सोळा जणी माझ्याकडे बघत होत्या आणि मला एकही वार सुचेना. सुट्टी घेऊन जातात कुठं, तेच मला माहीत नाही. खिंग पेन धरून उभी. म्हणाली, "दोन सुट्ट्या जोडूनही घेता येतात बरं का. कुणाला लांब जायचं असेल तर."

मी म्हटलं, थोडे दिवस थांब, मला एकीला विचारायचंय.

चियांग मायची बस बारा तास घेते. तुझा बार कोणत्या वारी बंद असतो, तोय? तुला नको असेल तर वार लिहू नकोस, मी समजेन आणि खिंगला कुठलाही एक सांगून टाकेन. लिहिलास, तर त्याच्याखाली तुझ्या लेकीचं नावही लिही.

लामदुआन